सिंगल बारवरील देहाची ठेवण

लष्करभरतीच्या मेळाव्यांत सामान्य सैनिकाच्या जागेसाठीं जी मैदानी परीक्षा होते, तींत शंभर गुण असतात. त्यांपैकीं साठ गुण सोळाशें मीटरच्या धांवेला, आणि चाळीस गुण आडव्या दांड्याला लटकून अंग वर ओढण्याला. खेड्यांतील मुलें याला ‘पुलअप’ किंवा नुसतें ‘बीम’ म्हणतात. या चाळीस गुणांची वांटणी श्रोत्यांनीं एकवार लक्षपूर्वक ऐकावी. हनुवटी सहा वेळां दांड्यावर नेली तर १६ गुण. सात वेळां नेली तर २१. आठ वेळां २७. नऊ वेळां ३३. आणि दहा वेळां ४०. सहांपेक्षां कमी झाल्यास उमेदवार तेथेंच बाद. म्हणजे पहिल्या सहा खेपा मिळून १६ गुण पदरांत टाकतात, आणि शेवटच्या चार खेपा २४ गुण टाकतात. हिशोब मोठा विलक्षण आहे. जेथें अंगांतील दम सरतो, नेमकें तेथेंच गुणांचें माप भरूं लागतें.

यवतमाळ हा कपाशीचा जिल्हा. पाऊस वेळेवर पडला तर घर उभें राहतें, न पडला तर सावकार दारीं उभा राहतो. आणि या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या वार्ता गेल्या पाव शतकांत साऱ्या देशानें वाचल्या आहेत. २०२२ सालीं अग्निपथ योजना निघाल्यापासून शिपायाची ही पहिली नोकरी चार वर्षांचीच झाली, व तींतून पुढें कायम होणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा पंचवीसपर्यंतच ठेवण्यांत आलें. तथापि कोरडवाहू चार-पांच एकरांवर ज्या घराची गुजराण आहे, त्या घरीं चार वर्षें दरमहा येणाऱ्या पगाराची किंमत काय असते, हें त्या घरालाच विचारावें. म्हणून शेवटच्या चार खेपांचा हा प्रश्न केवळ व्यायामशाळेपुरता राहत नाहीं.

पुसद, दारव्हा, उमरखेड, वणी, पांढरकवडा, कोणत्याही बाजूच्या गांवीं पहाटे पांचच्या सुमारास डांबरी सडकेवर धांवणाऱ्या मुलांचीं पावलें वाजतात. धांव झाली कीं मुलें शाळेच्या पटांगणांतील बारपाशीं जमतात. एकेक जण उडी मारून दांडा धरतो. पहिल्या चार खेपा झपाट्यानें होतात, पांचवी व सहावी दांतओठ खाऊन होते, आणि सातव्या खेपेला जें दृश्य दिसतें तें सर्वत्र एकच असतें. खांदे कानांना भिडलेले, मान बगळ्यासारखी लांब झालेली, कंबर मागें मोडलेली, आणि पाय जणूं सायकल चालवीत असल्यासारखे हवेंत झाडले जात आहेत. खालचे सोबती “अजून एक, अजून एक!” म्हणून ओरडत असतात, पण हनुवटी दांड्याच्या चार बोटें खालींच राहते आणि मुलगा हात सोडतो. मग निदान होतें कीं, दंडांत जोर कमी पडला. दुसऱ्या दिवसापासून तो विटा उचलून बेटकुळ्या फुगवावयास लागतो.

हें निदान बहुधा चुकीचें असतें. अंग वर नेण्याचें मुख्य काम बेटकुळीचें नाहींच. काखेखालून कंबरेपर्यंत पंख्यासारखा पसरलेला पाठीचा जो रुंद स्नायु आहे, त्याचें तें काम आहे. दंड त्याला साह्य करतो. आणि त्या रुंद स्नायूला आपलें काम नीट करतां यावें, तर बाकीचें शरीर मोळीसारखें एकत्र आवळलेलें असावें लागतें. सैल बांधलेली मोळी डोक्यावर घेणाऱ्या बाईला विचारा. वजन तेंच असतें, पण तें चहूंकडे पळतें. बारवरचा मुलगा दहापैकीं चार खेपा आपल्याच पळणाऱ्या वजनाला आवरण्यांत खर्च करतो.

देहाच्या ठेवणीचा हा विचार या प्रांताला नवा नाहीं. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनीं ज्या मल्लखांबाला नवें जीवन दिलें, त्या मल्लखांबाचें सारें शास्त्र ठेवणीवरच उभें आहे. एरंडेल लावलेल्या गुळगुळीत लांकडावर नुसत्या बळानें कोणी टिकत नाहीं. अढी घालणाऱ्या मुलाच्या मांड्या, पोट व पायांचे अंगठे एका विचारानें वागले नाहींत, तर तो घसरून खालीं येतो. गुरुजींना कांहीं सांगावेंच लागत नाहीं. शेजारच्या अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं स्थापिलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें ही विद्या वऱ्हाडांत जोपासली, आणि १९३६ सालच्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं त्या मंडळाच्या पथकानें बर्लिन येथें जाऊन देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. यांतील योगायोग पाहण्यासारखा आहे. ज्या आडव्या दांड्याला आज खेड्यांतील मुलें सिंगल बार म्हणतात, तो याच बर्लिन शहराबाहेर हासेनहायडे येथें फ्रीडरिख लुडविग यान यानें १८११ सालीं उघडलेल्या व्यायामाच्या मैदानावरून जगभर पसरला. वऱ्हाडानें बर्लिनला मल्लखांब दाखविला आणि बर्लिनचा दांडा वऱ्हाडच्या शाळाशाळांत येऊन बसला. मात्र दांड्याबरोबर त्याची शिस्त आली नाहीं. ती येथें मल्लखांबाकडूनच उसनी घ्यावी हें सोयीचें.

शरीराकडे वळण्यापूर्वी त्या दांड्याविषयीं चार शब्द बोलणें अवश्य आहे, कारण मुलांच्या निम्म्या खोडी दांडाच लावतो. पुष्कळ गांवीं बार इतका बुटका असतो कीं, लटकल्यावर पाय भुईला टेकतात. मग मुलगा गुडघे मागें दुमडून पोटऱ्या आडव्या धरतो. हळूहळू ती संवय हाडांत मुरते आणि उंच दांड्यावर गेल्यावरही पाय आपोआप मागें दुमडतात. साठ किलो वजनाच्या मुलाच्या दोन्ही पोटऱ्या व पावलें मिळून सुमारें सात किलो भरतात. हे सात किलो मागें गेले कीं तोल साधण्यासाठीं छाती पुढें सरते, कंबरेला खळगा पडतो, आणि प्रत्येक खेपेला शरीर घड्याळाच्या लंबकासारखें हलूं लागतें. म्हणून बार असा उंच असावा कीं, पाय सरळ ठेवून लटकल्यावर अंगठे जमिनीपासून वीतभर तरी वर राहतील.

दुसरी गोष्ट नळाच्या जाडीची. स्पर्धेंतील दांडा २८ मिलिमीटर व्यासाचा असतो. दुकानांत एक इंची म्हणून जो लोखंडी नळ मिळतो त्याचा बाहेरील व्यास सुमारें ३३ मिलिमीटर भरतो, तो चालतो. पण मजबुतीच्या लोभानें ग्रामपंचायती दीड इंची नळ बसवितात, त्याचा बाहेरील व्यास ४८ मिलिमीटर होतो. लहान हाताच्या मुलाची बोटें त्याभोंवतीं पुरीं वळतच नाहींत, आणि पाठ थकण्याआधीं मूठ सुटते. नळ एक इंचीच घ्यावा व दोन खांबांतील अंतर चार-साडेचार फुटांहून अधिक ठेवूं नये, म्हणजे तो वांकत नाहीं.

तिसरी गोष्ट खास या जिल्ह्याची. येथील काळी जमीन पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तींत नुसते खड्डे करून रोंवलेले खांब दोन वर्षांत डुलूं लागतात. डुलणाऱ्या बारवर स्थिर देह शिकवणें म्हणजे चालत्या बैलगाडींत सुईंत दोरा ओंवणें होय. खड्डा खोल घेऊन तळाशीं व बाजूंनीं मुरूम ठोकून भरावा, मग कांक्रीट घालावें. घर बांधणारा कोणताही गवंडी हें जाणतो. बार बसविणाऱ्यांना मात्र त्याला विचारण्याचें सुचत नाहीं.

आतां देहाकडे वळूं या. सारी ठेवण प्रथम जमिनीवर शिकावी, दांड्यावर नव्हे. चटईवर उताणें निजावें. हात डोक्यामागें सरळ लांब करावे, पाय जुळवावे, अंगठे ताणावे. कंबरेखालीं जो पोकळ खळगा असतो तो पोट आंत घेऊन व माकडहाड किंचित् वर वळवून जमिनीला दाबून टाकावा. नंतर खांदे व टांचा जमिनीपासून चार-सहा बोटें उचलाव्या. योगासनांतील नौकासनाची ही ठेंगणी बहीण समजावी. सोबत्यानें कंबरेखालीं उपरण्याचें टोक ठेवून ओढून पाहावें. तें सहज निसटलें तर कंबर उचललेली आहे, अडकून राहिलें तर ठेवण बरोबर आहे. प्रारंभीं पंधरा सेकंद ही स्थिति टिकणें कठीण जातें व पोट थरथरतें. पहिलवानी ऐटीचीं मुलें या निजून करावयाच्या व्यायामाला हंसतात. पण जो येथें तीस सेकंद स्थिर राहूं शकत नाहीं, तो लटकलेला असतांना आठव्या खेपेला कंबर सांभाळील, ही आशा व्यर्थ होय.

उलट बाजूची स्थिति पालथें निजून करावयाची. हात पुढें, पाय मागें, छाती व मांड्या उचललेल्या. शलभासनासारखी ही कमान. नाव आणि कमान या दोन आकृति बारवरील सर्व हालचालींची जणूं बाराखडी आहेत. साधा पुलअप सगळाच नावेंत करावयाचा असतो. झोंक्याच्या कसरती नाव व कमान यांच्या अदलाबदलीनें होतात.

नाव साधली कीं तीच उभी करून दांड्याला टांगावयाची. तळवे पुढें करून, खांद्यांहून वीतभर रुंद अंतरावर दांडा धरावा; अंगठा खालून वळवून बोटांवर आणावा. दांडा तळहाताच्या मध्यावर नको, बोटांच्या मुळाशीं असावा, नाहीं तर कातडीची घडी पडून घट्टा फाटतो. यानंतर मुलें एकदम कोंपर वांकवितात, आणि येथेंच पहिली चूक होते. खांद्यामागें जें चपटें त्रिकोणी हाड आहे, ज्याला फरा म्हणतात, ते दोन्ही फरे प्रथम खालीं ओढले पाहिजेत. कोंपर सरळच असते, पण कान व खांदे यांत अंतर पडतें, मान मोकळी होते आणि सारा देह बोटभर वर सरकतो. ही बोटभर उंची क्षुल्लक वाटते. परंतु तिच्यामुळें भार सांध्याच्या बंधनांवरून निघून स्नायूंवर येतो. खांदा दुखावण्याची भीति कमी होते, आणि तो रुंद स्नायु कामाला जुंपला जातो. नुसता हा बोटभर चढउतार दहा-बारा वेळां करणें हा स्वतंत्र व्यायाम म्हणून नवशिक्याला महिनाभर द्यावा.

मग ओढ. हनुवटी दांड्यावर न्यावयाची असा विचार करणारा मुलगा हनुवटीच पुढें काढतो आणि अंग खालीं ठेवतो. त्याऐवजीं कोंपरें खालीं बरगड्यांकडे नेण्याचा व छाती दांड्याला लावण्याचा विचार करावा. हनुवटी आपोआप वर येते. बरगड्या फुगूं देऊं नयेत. पाय जुळलेले, गुडघे ताठ, पावलें शरीराच्या किंचित् पुढें असावीं. नितंब आवळलेले असले कीं कंबर मोडत नाहीं. ही एकच सूचना इतर दहा सूचनांचें काम करते. वर जातांना श्वास सोडावा, खालीं येतांना घ्यावा. आणि खालीं येतांना पडूं नये. दगडासारखा जो पडतो त्याला तळाशीं धक्का बसतो, धक्क्यानें नाव फुटते, आणि पुढची खेप त्याला फुटलेल्या नावेंतून सुरू करावी लागते. सहाव्या खेपेनंतर जी दशा दिसते तिची सुरुवात बहुधा दुसऱ्या खेपेच्या उतरणींत झालेली असते.

ही ठेवण पाहावयास आरसा किंवा यंत्र लागत नाहीं. गवंड्याचा ओळंबा, किंवा सुतळीला बांधलेला दगड, बारच्या एका टोंकाला सोडावा व मुलाला बाजूनें पाहावें. सुतळी दांड्यातून सरळ खालीं जाते. देहाचा पुढील व मागील भार तिच्या दोन्ही अंगांना सारखा दिसला पाहिजे. पाय जितके मागें, तितकी छाती पुढें, हें सुतळीजवळ चटकन् लक्षांत येतें. कोणाच्या हातीं मोबाइल असेल तर बाजूनें चित्रण करून त्याच मुलाला दाखवावें. आपले पाय सरळ होते असें शपथेवर सांगणारा मुलगा तें चित्र पाहून गप्प बसतो.

आतां झोंक्याविषयीं, कारण तरुणांचा ओढा तिकडेच फार. झोंका घेऊन दांड्यावर चढणें, पाय दांड्याला लावणें, या कसरती सुंदर आहेत. पण झोंका म्हणजे पाय झाडणें नव्हे. तो खांद्यापासून निघतो. छाती हातांच्या मधून पुढें गेली कीं देह कमानींत असतो. मग हात सरळच ठेवून दांडा खालीं दाबला कीं खांदे मागें जातात, पावलें पुढें येतात आणि देह नावेंत येतो. याच क्षणीं, छाती मागें सरकत असतां, क्षणभर अंग हलकें झाल्यासारखें वाटतें. ओढावयाचें तें तेव्हां. अर्धा सेकंद आधीं ओढलें तर झोंका मोडतो, उशीरां ओढलें तर तो परत खालीं खेचतो. लटकलेल्या मोठ्या माणसाचा एक पूर्ण हेलकावा साधारणपणें दोन-अडीच सेकंदांचा असतो, आणि घाई केल्यानें तो बदलत नाहीं. शाळेंत शिकविलेला लंबकाचा नियम येथेंही लागू आहे. गुडघे दुमडले कीं लंबक आंखूड होतो व ताल चुकतो, हेंही त्याच नियमाचें फळ. ज्याला हेलकावा न घेता पांच-सहा खेपा स्वच्छ करतां येत नाहींत, त्यानें झोंक्याच्या वाटेला जाऊं नये. त्याच्या खांद्याला झोंक्याच्या तळाचा भार सोसवत नाहीं, आणि दुखावलेला खांदा भरतीचें वय निघून गेल्यावरच बरा झाला, तर त्याचा उपयोग काय?

सरावाची रीत सांगावयाची तर ती थोडक्यांत सांगतां येते. रोज जीव जाईपर्यंत लटकण्यांत लाभ नाहीं. ज्याच्या सहा खेपा होतात त्यानें तीन-तीन खेपांचे पांच-सहा डाव करावे, मध्यें दोन-तीन मिनिटें थांबावें, आणि पाय हलला ती खेप मोजूंच नये. मोजणारा सोबती कठोर असावा. मित्राला खोटा आंकडा सांगणें ही मैत्री नव्हे. आठवड्यांतून दोन दिवस, स्टुलावर चढून हनुवटी दांड्यावर ठेवावी आणि पांच मोजेपर्यंत सावकाश खालीं यावें. आठवड्यांतून एकदांच सारा दम लावून पाहावा, एरव्हीं नाहीं. नावेची आकृति मात्र रोज, झोंपण्यापूर्वी घरांतल्या चटईवरही करतां येते. मुलींनाही ही रीत तशीच लागू आहे; दोरीच्या मल्लखांबावर मुली देहाची जी शिस्त दाखवितात ती पाहिल्यावर बार हा केवळ मुलांचा मानण्याचें कारण उरत नाहीं. शाळेंतून मुलींना बारजवळ फिरकूं न देणारे शिक्षक अजून आहेत, हें मात्र खेदानें नमूद करावें लागतें.

मे महिन्यांत यवतमाळच्या उन्हांत लोखंडी नळ सकाळीं नऊनंतर धरवत नाहीं, म्हणून सराव उजाडतांना उरकावा. दंवाच्या दिवसांत दांडा ओला असतो; तो फडक्यानें पुसावा, हातांना कोरडी माती किंवा खडूची भुकटी लावावी. तेल लावलेल्या हातांनीं बार धरूं नये. घट्टे वाढूं लागले तर आंघोळीनंतर कातडी मऊ असतां वजरीनें घासून ते सपाट करावे. फाटलेल्या तळव्यानें मेळाव्याला गेलेला मुलगा तिसऱ्या खेपेलाच मूठ सैल करतो. मेळाव्याच्या ठिकाणीं दांडा परका असतो, रांग मोठी असते, आणि सोळाशें मीटर धांवून आलेली छाती धापा टाकीत असते. पाळी येईपर्यंत उभ्याउभ्यानेंच दीर्घ श्वास घ्यावे, हात झटकून मोकळे करावे. दांडा धरल्यावर एक क्षण थांबावें, फरे खालीं ओढावे, पाय जुळवावे, आणि मग पहिली खेप घ्यावी.